खिशातला फ्यूज

त्याला सगळे 'पुन्हापाहू' म्हणतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला कुणी थांबत नाही. दुकानही एवढंसं, की आत तिघं उभे राहिले तर चौथ्याने पायरीवरूनच बोलायचं. पूर्वी तो रेडिओ आणि टेप दुरुस्त करी. ते दिवस गेले तसा मोटारींतल्या स्टिरिओंकडे वळला, आणि गेली आठ-दहा वर्षं धक्क्यावरच्या होड्यांतही स्पीकर बसवतो. खारं पाणी तारा खातं, त्यामुळे होडीतलं काम कधी संपत नाही.

कुठलंही काम झालं की तो म्हणतो, "थांबा, पुन्हा पाहू." त्यावरून हे नाव पडलं. दुकानाचं कुलूप तो तीनदा ओढून बघतो आणि दहा पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा. एकदा नवराबायको तिच्या भावाकडे निघाली होती. बस लागलेली असताना याला गॅसची शंका आली. तो घरी धावला, बस सुटली, आणि बायको एकटीच पुढे गेली. भावाने विचारलं, "दाजी कुठेत?" ही शांतपणे म्हणाली, "ते गॅसजवळ बसलेत." गॅस अर्थात बंदच होता.

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. दिवसभर रांगेतल्या माणसांची घाई सोसून घरी यायचं आणि घरी हा. पण तिचं बोलणं कितीही तिखट असलं तरी त्यात गोडी असते. "यांच्याशी लग्न झालं त्या दिवशीसुद्धा," ती सांगते, "हार घातल्यावर यांनी माझ्याकडे वाकून नीट बघितलं. मला वाटलं, किती प्रेम! मग कळलं, हाराची गाठ बघत होते."

या माणसाची कामाची एक पद्धत आहे आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं, म्हणून ती सांगायला हवी. अॅम्प्लिफायरला ताकद लागते. त्यासाठी बॅटरीपासून एक जाड लाल तार थेट त्याच्यापर्यंत न्यावी लागते. या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, एक मोठा फ्यूज असतो. वाटेत तार कुठे खरचटली आणि लोखंडाला टेकली, तर फ्यूज स्वतः जळतो आणि वीज तोडतो. फ्यूज नसेल तर तार जळते, आणि तारेबरोबर जे शेजारी असेल तेही. पुन्हापाहू काम सुरू करण्याआधी हा फ्यूज काढतो आणि शर्टाच्या डाव्या खिशात टाकतो. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत तो तिथेच राहतो. मध्ये कुणी कितीही बटणं दाबली तरी काही व्हायचं नाही. काम दोन-तीन दिवस चाललं तर तो तोच शर्ट घालतो. बायको नाक मुरडते, पण काम संपेपर्यंत तीही तो शर्ट धुवायला मागत नाही.

त्या आठवड्यात काम होतं कप्तानच्या होडीचं. कप्तान म्हणजे चाळिशीचा, गळ्यात शिटी बांधून फिरणारा हौशी माणूस. त्याच्या होडीत वीस माणसं बसतात, वर ताडपत्रीचं छत आहे. होडीतले जुने दोन स्पीकर खोकल्यासारखे वाजायचे. शनिवारी त्याला मोठी फेरी मिळाली होती. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होत होत्या आणि सगळ्या जणींनी मिळून त्यांना खाडीत फिरवायचं ठरवलं होतं. सकाळी अकराची वेळ. पुन्हापाहूची बायकोही त्यांत होती. कप्तानने चार नवे स्पीकर आणि अॅम्प्लिफायर आणून ठेवले आणि म्हणाला, "काका, एवढं शुक्रवारपर्यंत करा. सिस्टरांना नाचवायचंय."

दोन दिवस पुन्हापाहू होडीच्या पोटात वाकून होता. स्पीकरच्या मागे पाणी जाऊ नये म्हणून रबराच्या चकत्या बसवल्या. प्रत्येक तार तळाच्या पाण्यापासून वर उचलून क्लिपांत अडकवली. लाल तारेला मात्र एका ठिकाणी इंजिनाच्या शेजारून जावं लागत होतं, दुसरी वाटच नव्हती. तिथे घट्ट क्लिपा हव्या होत्या आणि नेमक्या त्याच मापाच्या दोन क्लिपा कमी पडल्या. शुक्रवारी संध्याकाळी बाजार बंद झाला होता. त्याने ती जागा तेवढ्यापुरती सुतळीने बांधली. फ्यूज खिशात होताच.

हे तो कप्तानला सांगणार होता. "हे बघ कप्तान, एक गोष्ट लक्षात ठेव," अशी सुरुवातही झाली होती. तेवढ्यात दवाखान्यातून सुटलेली बायको दोन मैत्रिणींना घेऊन नवे स्पीकर बघायला धक्क्यावर आली. ही सुरुवात तिने तीस वर्षं ऐकलेली. एक गोष्ट लक्षात ठेव म्हणून सुरू झालं की सतरा गोष्टी व्हायच्या.

"अहो, पुरे!" ती म्हणाली. "बारा वर्षं ते ही होडी चालवतायत. तुम्ही बोलायला लागलात की वाटतं, होडीत बसायचंय का बॉम्बवर!"

मैत्रिणी हसल्या. कप्तान तर शिटीच वाजवून हसला. पुन्हापाहूही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि एवढंच म्हणाला, "थोडं बाकी आहे. सकाळी दहाला येतो."

"या की," कप्तान म्हणाला.

क्लिपांचं राहिलं आहे, सुतळी तात्पुरती आहे, तोवर स्टिरिओला हात लावू नकोस, ही तीन वाक्यं जन्मात पहिल्यांदा त्याने गिळली. आयुष्यभर नको तिथे बोललेला माणूस हवं तिथे गप्प बसला.

शनिवारी बायको पहाटेच्या पाळीला गेली आणि तिथूनच परस्पर होडीवर जाणार होती. पुन्हापाहूने बाजार उघडल्या उघडल्या क्लिपा घेतल्या. दोन हव्या होत्या, चार घेतल्या, न जाणो. पावणेदहाला तो धक्क्यावर पोचला. होडीची जागा रिकामी होती. दोर बांधायच्या खांबावर एक पक्षी बसला होता.

तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली, "सगळ्या लवकर जमल्या म्हणून साडेनऊलाच गेले की! तुम्हाला नाही सांगितलं?"

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेवढ्यात पाण्यावरून गाणं आलं.

लांब, वळणाजवळ, होडी काडेपेटीएवढी दिसत होती, तरी गाणं स्वच्छ येत होतं. त्याने नंतर मला सांगितलं, की पहिला क्षण आनंदाचा होता. डावं-उजवं बरोबर, कुठे घुमत नाही, खर्ज फाटत नाही. चांगलं काम झालंय, असं त्याला वाटलं. मग त्याचा हात आपोआप डाव्या खिशावर गेला.

फ्यूज खिशात होता.

त्याने तो बाहेर काढून तळहातावर ठेवला. हा इथे असेल तर तिथे गाणं वाजता कामा नये. आणि गाणं वाजत होतं.

कप्तानने तिसऱ्या रिंगला फोन उचलला. मागून टाळ्यांचा आवाज येत होता.

"काका! काय आवाज लागलाय! तुमच्या हातात जादू आहे, जादू!"

"अरे, फ्यूज माझ्याकडे आहे."

"हां, ते तुम्ही विसरलात. असू दे हो, होतं असं एखाद्या वेळी. मी तार लावली त्या जागी."

"कसली तार?"

"तांब्याची. तिहेरी पीळ दिलाय. आता दहा वर्षं जळायची नाही."

जळायची नाही, हेच तर भय होतं. पुन्हापाहू ओरडला, "कप्तान, ती काढ. आत्ता काढ. इंजिनाजवळ मी सुतळी..."

"बरं बरं, गाणं संपलं की बंद करतो."

"गाणं बंद करून उपयोग नाही! ती लाल तार तशीही जिवंतच असते, तू आधी..."

"काका, ऐकू येत नाहीये. वळण आलंय, ठेवतो."

पुन्हा लावला तर उचलला नाही. बायकोला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिचा फोन पर्सच्या तळाशी असतो, हे त्याला माहीत होतं. त्यावर त्याने आजवर शंभरदा भाषण केलं होतं. होडी वळणाआड गेली. गाणं आधी बारीक झालं, मग थांबलं. वळणामुळे थांबलं की आणखी कशामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

तिकीटवालीने खिडकीतून मान बाहेर काढली. "काय झालं दादा? दुकानाचं कुलूप राहिलं वाटतं?"

"होडीला आग लागू शकते."

"अगंबाई! लागलीय?"

"लागली नाही. लागू शकते."

"मग असं म्हणा ना! जीव गेला माझा." ती हसली. "या पंख्याने मला शॉक बसेल म्हणून तुम्ही गेल्या वर्षी सांगितलंत. अजून वारा खातेय मी."

तो भांडला नाही. दुसरी होडी आहे का, एवढंच त्याने विचारलं. एक रंगासाठी उलटी घातलेली होती, दुसरी पहाटेच मासे धरायला गेलेली. त्याने परत बायकोला फोन लावला. खिडकीतून तिकीटवालीला तो दिसला. फोन कानाला लावूनच तो धक्क्याच्या अगदी कडेला गेला होता, चपलांची टोकं पाण्यावर आली होती. तिचं हसू गेलं. तीही आपल्या फोनवरून कप्तानला लावू लागली.

पाण्याकडे बघण्याशिवाय काही उरलं नाही. सुतळी कशी बांधली होती, ते तो आठवत राहिला. दोन वेढे, का तीन? गाठ वर होती, का इंजिनाच्या बाजूला? सुतळीच्या हाताएवढ्या अंतरावर इंजिनाचा पट्टा फिरतो. इंजिन थरथरतं, तापतं. सुतळी तेलाने भिजली तर सरकते. आपल्या मनाला तो एरवी म्हणतो, थांब, पुन्हा पाहू. इथे पुन्हा पाहता येत नव्हतं. वळणावरच्या झाडांच्या वर त्याने आकाश निरखलं. धूर नव्हता. असं तीनदा निरखलं.

फोन वाजला. बायको.

"अहो, अकरा मिस्ड कॉल! गॅस मी बंद केलाय, दोनदा बघून. आता तरी आम्हाला सुखाने..."

"तू कुठे बसलीस?"

"मागे. इंजिनाच्या झाकणावर गादी टाकलीय, तिथे. मस्त ऊब..."

"ऊठ."

ती मला म्हणाली, की तीस वर्षांत या माणसाने एका शब्दाचं वाक्य कधी केलं नव्हतं. 'कदाचित' नाही, 'मला वाटतं' नाही, 'म्हणजे बघ हं' नाही. ती उठून उभी राहिली.

"सगळ्यांना पुढे पाठव. गाणी बंद. इंजिन बंद. फ्यूज माझ्या खिशात आहे."

फ्यूज खिशात असण्याचा अर्थ त्या होडीत फक्त तिलाच कळत होता.  मग फोनमधून तिचा नोंदणीच्या खिडकीवरचा आवाज आला, पुढचा नंबर पुकारतानाचा. "चला, सगळ्या पुढे व्हा. हो, सिस्टर, तुम्हीपण. कप्तान, इंजिन बंद करा."

"काकू, आता तुम्हीसुद्धा? काकांचं तुम्हाला लागलं की काय?"

"आधी बंद करा, मग हसा."

गाणं थांबलं. मग इंजिन थांबलं. फोनमध्ये नुसतं पाण्याचं चपचप ऐकू येऊ लागलं. झाकण उचलल्याचा आवाज आला.

"वास येतोय," बायको म्हणाली.

"कसला?"

"इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा."

"धूर?"

"नाही. थांबा, वाकून बघते."

"हात घालू नकोस! कप्तानला बघू दे. काय दिसतं ते विचार."

कप्तानचा आवाज आला, पण तो कप्तानचा वाटेना. "काका, सुतळी तुटलीय. लाल तार पट्ट्यावर पडलीय. साल निघालंय तिचं."

"तांबं दिसतंय?"

झाकण आणखी सरकवल्याचा आवाज आला.

"अरे, तांबं दिसतंय का?"

"दिसतंय. नखाएवढं."

"पट्टा ज्या चाकावरून फिरतो, ते लोखंडी आहे. त्याला टेकलंय?"

"नाही. बोटभर लांब आहे. एकच बोट."

पुन्हापाहूने डोळे मिटले. "तारेला हात लावू नकोस. होडी हलली तर हलू दे, तू सरळ बॅटरीकडे जा. काळी तार सोडव, म्हणजे वीज तुटेल. काळी. लाल नाही."

"काळी," कप्तान म्हणाला.

"पुन्हा सांग."

"काळी, काका. लाल नाही."

पाना सापडेना. मग सापडला तो एक माप मोठा निघाला. दुसरा शोधला. नट खाऱ्या पाण्याने गंजलेला होता. मागून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला, "अरे, मी टॉर्च धरलाय ना, मग हात का कापतोय तुझा? श्वास घे." चाळीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिलेली ती बाई, तिचा टॉर्च हलला नाही. पुन्हापाहू धक्क्यावर उभा राहून प्रत्येक आवाज ऐकत होता. पाना घसरल्याचा आवाज. कुणीतरी देवाचं नाव घेतल्याचा. मग लोखंडाची एक किरकिर, आणि काही नाही.

"निघाली," बायको म्हणाली. "काळी निघाली, अहो."

तो होता तिथेच जमिनीवर बसला. तिकीटवाली पाण्याचा पेला घेऊन आली, तर त्याने तो घेतला आणि हातातच धरून ठेवला. बसल्या बसल्याच त्याने पुढचं सगळं सांगितलं. तांब्याचा पीळ काढून टाकायचा. लाल तार पट्ट्यापासून लांब ओढून बांधायची. मग काळी परत जोडायची आणि इंजिन सुरू करून हळू यायचं. प्रत्येक गोष्ट त्याने तीनदा सांगितली आणि कप्तानने तीनदा म्हणून दाखवली.

होडी धक्क्याला लागली. कप्तानने दोर टाकला, खाली उतरला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, क्लिपा राहिल्यात, असं नुसतं म्हणाला असतात तर मी हात लावला नसता."

"हो," पुन्हापाहू म्हणाला. "सांगायला हवं होतं."

"ते सांगत होते," बायको मागून म्हणाली. "मी गप्प बसवलं त्यांना. काल तुम्हीही हसत होतात की तिथे."

मैत्रिणींनी माना खाली घातल्या. पुन्हापाहू होडीत शिरला आणि इंजिनापाशी वाकला. ती जागा त्याने कुणाला दाखवली नाही, बायकोलासुद्धा. साल गेलेला तुकडा कापून नवी तार जोडली. चारही क्लिपा बसवल्या. बसवून झाल्यावर तार दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग कप्तानलाही ओढायला लावली. सगळं झाल्यावर फ्यूज बसवला. अर्धा-पाऊण तास गेला. तेवढ्यात एकीने हळूच विचारलं, "आता काय, घरी जायचं?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "का? निवृत्ती माझी आहे. होडीची नाही. पण हे सोबत येणार असतील तर."

"त्यांना पाणी लागतं हो," बायको म्हणाली. खरंच लागतं. होडीत काम करणारा हा माणूस, धक्का सुटला की त्याच्या पोटात ढवळतं.

"येतो," पुन्हापाहू म्हणाला.

गाणी सुरू झाली तेव्हा बायका आधी जरा दबकतच टाळ्या वाजवत होत्या. खाडीचं रुंद पाणी आलं तसा एकीने ताल धरला, मग दुसरीने, आणि मोठ्या सिस्टर खरोखरच नाचल्या. कप्तान एका हाताने सुकाणू धरून मागे बघत होता, पण नाचाकडे नाही. पुन्हापाहू इंजिनाच्या झाकणाशेजारी खाली बसला होता. गादी त्याने बाजूला काढली होती आणि झाकणाच्या फळीवर पंजा पालथा टेकवला होता. आजारी पोराच्या कपाळावर टेकवतात तसा. बायको येऊन त्याच्याजवळ बसली.

"तापलंय का?" तिने विचारलं.

"इंजिन तापतं तेवढंच."

"नक्की?"

त्याने पंजा फळीवर आणखी दाबला. मग तिनेही आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला आणि ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी ओरडले तरी सांगायचं."

"तू ओरडशील."

"ओरडणारच. तुम्ही सांगायचं."

फेरी दुपारी दोनला संपली. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, गाणी कुठली कुठली लागली होती. तो बराच वेळ आठवत राहिला. त्याला एकही सांगता आलं नाही.